रस्ता विचारायचा की बाण बघायचा? मॉरोविंड आणि ऑब्लिव्हियन

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे 'म्हणजे काय', 'बघा ना' निम्मे कापलेत, निम्मे राहिलेत. चालवून घ्या.)

आज थेट विषयावर येतो, कारण गेले काही आठवडे इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. प्रश्न असा: "दादा, ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड घेतला, मजा येतेय. पण प्रत्येक व्हिडिओखाली कोणीतरी येऊन लिहितं की खरा गेम म्हणजे मॉरोविंड, ऑब्लिव्हियनने सगळं सोपं करून टाकलं. हे लोक उगाच जुनं ते सोनं करतायत का?"

थोडं उगाच करतायत. पण सगळंच उगाच नाही. आणि त्यांचं नेमकं काय हरवलंय हे त्यांनाही कधीकधी नीट सांगता येत नाही, म्हणून हा भाग.

आधी ओळख. दोन्ही गेम बेथेस्डाचे, द एल्डर स्क्रोल्स या मालिकेतले. मॉरोविंड तिसरा, 2002 सालचा. ऑब्लिव्हियन चौथा, मार्च 2006 मधला. स्कायरिम पाचवा, 2011 चा, तो बहुतेकांनी खेळलाय किंवा निदान त्याचे मीम तरी बघितलेत. ऑब्लिव्हियनची नवी रंगरंगोटी केलेली आवृत्ती एप्रिल 2025 मध्ये आली. एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल: मॉरोविंड आणि ऑब्लिव्हियन, दोन्हींचा मुख्य डिझायनर एकच माणूस होता, केन रोल्स्टन. त्यामुळे "हुशार लोक सोडून गेले आणि गेम बिघडला" ही गोष्ट इथे लागूच पडत नाही.

आता मॉरोविंडची सुरुवात. तुम्ही कैदी. जहाजातून आणून सेडा नीन नावाच्या चिखलातल्या छोट्या गावात तुम्हाला सोडतात. हातात एक पुडकं देतात आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीचा मतितार्थ असा, की बालमोरा नावाच्या शहरात जा, तिथे साउथ वॉल नावाचं दारूचं दुकान आहे, तिथे कायस कोसाडेस कुठे राहतो ते विचार आणि पुडकं त्याला दे. संपलं.

बाण नाही. कंपासवर हिरवा-लाल ठिपका नाही. नकाशा आहे, पण तो तुम्ही चालाल तसा उघडतो. कधीकधी कोणाशी बोलल्यावर ठिकाणाचं नाव त्यावर उमटतं, तेवढीच मेहेरबानी. मग तुम्ही काय करता? गावाबाहेर पडता, रस्त्याच्या कडेला लाकडी पाट्या असतात त्या वाचता. पेलाजियाड लागतं, पुढे मूनमॉथचा किल्ला लागतो, मग बालमोरा. तिथे साउथ वॉल शोधायचं, आत जाऊन विचारायचं. हे सगळं करताना वाटेत, सेडा नीनच्या बाहेरच, आकाशातून एक माणूस किंचाळत खाली पडतो आणि जागीच मरतो. त्याच्याकडे तीन मंत्रांचे कागद सापडतात, उंच उडी मारायचे. वापरून बघा. उडी भन्नाट आहे. खाली कसं उतरायचं याचा विचार त्याने केला नव्हता, तुम्ही करा.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? पाट्या वाचायच्या? थांबा. थोडं पुढे गेलं की बालमोरातला हॅस्फॅट अँटाबोलिस तुम्हाला ड्वेमर लोकांची एक कोड्याची पेटी आणायला पाठवतो. ड्वेमर म्हणजे त्या जगातली नाहीशी झालेली एक जमात, यंत्रं बनवणारी. पेटी आर्कंगथांड नावाच्या पडक्या वास्तूत आहे. हॅस्फॅट रस्ता सांगतो: किल्ल्याच्या बाजूने पुढे जा, सुकलेल्या लाव्हाच्या घळीवर जुना ड्वेमर पूल आहे, तो ओलांड. दार बंद दिसेल, तिथे बाहेर एक पाइप आहे, त्यावरची कळ फिरव, मग दार उघडेल. हे वाक्य तुम्ही नीट वाचलं नसेल तर तुम्ही त्या डोंगरावर अर्धी रात्र दगडाला डोकं आपटत फिराल. आणि आत गेल्यावर पेटी? एवढीशी. अंधारात. ती चमकत नाही, तिच्यावर बाण नाही. मी तर तेव्हा कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढला होता.

आपल्याकडे गावाला जाताना रस्ता विचारला की कसं सांगतात, "मोठ्ठं वडाचं झाड लागंल, तिथनं डावीकडं वळा, पुढं मारुतीचं देऊळ, तिथं कुनालाबी इचारा." मॉरोविंड तसा आहे. आणि हो, कधीकधी सांगणाऱ्याचं डावं-उजवं चुकतं, तेही त्यात आहे. त्या चुका लोक आजही शिव्या घालत आठवतात. मला त्या आवडतात असं नाही म्हणणार. पण त्यामुळे एक होतं: तुम्ही समोरच्याचं बोलणं ऐकता. न ऐकून चालतच नाही.

प्रवासाचंही तेच. मॉरोविंडमध्ये नकाशावर बोट ठेवून पोचता येत नाही. सिल्ट स्ट्रायडर नावाचे प्रचंड मोठे, लांब पायांचे किडे आहेत, त्यांच्या पाठीत बसून जायचं. पण त्यांचे मार्ग ठरलेले. सेडा नीनहून बालमोरा, व्हिवेक, सुरान आणि निसिस, बस्स. पूर्वेच्या किनाऱ्यावर सॅड्रिथ मोराला जायचंय? इथून थेट गाडी नाही. बालमोराला उतरा, तिथल्या मेजेस गिल्डमध्ये जा, त्यांचा गाइड पैसे घेऊन मंत्राने सॅड्रिथ मोराला सोडतो. तिथून पुढे बोट. अगदी एसटीचं वेळापत्रक पाठ असलेल्या मामासारखं होतं तुमचं. दहा-पंधरा तास खेळलात की कुठून कुठे काय मिळतं हे डोक्यात बसतं आणि तेव्हा ते बेट तुमच्या ओळखीचं झालेलं असतं.

तर हे झालं म्हाताऱ्या गेमर लोकांचं भजन. आता दुसरी बाजू, जी ते सांगत नाहीत.

मॉरोविंडमधली माणसं हलत नाहीत.

म्हणजे खरंच हलत नाहीत. फार तर चार पावलं इकडे, चार तिकडे. सेडा नीनचा दुकानदार रात्री तीन वाजता जाऊन बघा, काउंटरमागेच उभा. झोप नाही, जेवण नाही, बायको-पोरं नाहीत. पाऊस पडो, राखेचं वादळ येवो, साउथ वॉलमधली मंडळी त्याच जागेवर. आणि बोलतात कसे? तुम्ही एखाद्या विषयाच्या निळ्या शब्दावर क्लिक करता आणि समोरचा विकिपीडियासारखा परिच्छेद वाचून दाखवतो. तोसुद्धा लिहून, आवाज फक्त नमस्कार-चमत्कारापुरता. शेजारच्याला विचारा, तोच परिच्छेद, शब्दाला शब्द तसाच.

आणि मला वाटतं इथेच सगळी गोम आहे. रस्ता सांगून माणूस सापडतो, कारण तो माणूस जागचा हलणार नाही याची लिहिणाऱ्याला खात्री आहे. "साउथ वॉलमध्ये जा, तिथे भेटेल" हे वाक्य लिहिता येतं, कारण तो कायमचा तिथेच खिळलेला आहे. मॉरोविंडची जी गोष्ट आपण डोक्यावर घेतो आणि जिची टर उडवतो, त्या दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेल्या आहेत.

ऑब्लिव्हियनने तो खिळा काढला.

ऑब्लिव्हियनमध्ये माणसांना दिनक्रम मिळाला. बेथेस्डाने त्याला रेडियंट एआय असं भारदस्त नाव दिलं होतं, आणि त्याचा गाजावाजाही दणकून केला होता. गाजावाजा बाजूला ठेवा, पण गोष्ट खरी होती. लोक सकाळी उठतात, कामाला जातात, जेवतात, संध्याकाळी खानावळीत बसतात, रात्री दुकानाला कुलूप लावून झोपतात. काही जण गाव बदलतात. लेयाविन शहराची काउंटेस दर महिन्याला आईला भेटायला कोरोलला जाते, म्हणजे सरळ माहेरी जाते! आणि तुम्ही तिला रस्त्यात चालताना बघू शकता. 2006 साली हे बघून माझ्यासारखे लोक हातातलं मिशन सोडून एखाद्या अनोळखी माणसाच्या मागे दिवसभर फिरायचे, फक्त तो काय करतो हे बघायला.

आता सांगा, अशा माणसाचा पत्ता कसा द्यायचा? "दुकानात असेल, नाहीतर घरी, नाहीतर देवळात, नाहीतर आईकडे गेली असेल." बाण लागणारच. बाण आळसातून आला असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा भाग विचारात घ्यावा.

दुसरं कारण आवाज. ऑब्लिव्हियनमध्ये प्रत्येक वाक्य रेकॉर्ड केलेलं आहे. सुरुवातीच्या बादशहाचा आवाज पॅट्रिक स्टुअर्टचा, मार्टिनचा आवाज शॉन बीनचा. बाकीच्या अख्ख्या जनतेसाठी मोजकेच कलाकार, त्यामुळे एका जमातीची सगळी माणसं एकाच घशातून बोलतात. भिकारी भीक मागताना एका आवाजात कण्हतो आणि दुसरा प्रश्न विचारला की एकदम खणखणीत दुसऱ्या आवाजात उत्तर देतो. दोन माणसं रस्त्यात भेटून चिखलातल्या खेकड्यांवर गप्पा मारतात, त्याचे मीम अजून चालू आहेत. पण मुद्दा असा, की कागदावर लिहिलेला लांबलचक पत्ता परत वाचता येतो, कानाने ऐकलेला वाहून जातो. शिवाय एकदा रेकॉर्ड केलं की गुहा नकाशावर जराशी सरकवली तरी वाक्य खोटं ठरतं. मग कोण पत्ते रेकॉर्ड करत बसणार? तर माणसं बोलायला लागली आणि रस्ता सांगायची बंद झाली.

म्हणूनच "बाण बंद करून खेळा, मग मॉरोविंडसारखी मजा येईल" हा जो सल्ला मिळतो ना, तो फसतो. ऑब्लिव्हियनमध्ये बाण लपवा आणि डायरी उघडा. तिथे लिहिलेलं असतं, अमुक गुहेत जा, नकाशावर खूण केली आहे. गुहा कुठल्या ओढ्याच्या काठी, कुठल्या पडक्या किल्ल्याच्या मागे, काही नाही. समोरच्या माणसाने ते कधी सांगितलेलंच नसतं. बाण काढला की खाली जुना रस्ता सापडत नाही, खाली मोकळी जागा आहे. स्कायरिमचंही बऱ्यापैकी हेच, इतकं की मॉडवाल्यांनी पदरचा वेळ घालून डायरीत पत्ते लिहिण्याचे मॉड बनवले.

आणि झटपट प्रवास. ऑब्लिव्हियनमध्ये गटारातून बाहेर पडता त्या क्षणापासून मोठी शहरं नकाशावर उघडी. राजमुकुटाच्या वारशाचा ताईत कोरोलजवळच्या मठात जॉफ्रीला पोचवायचा, हे मुख्य कथेचं पहिलं काम. क्लिक केलं, पोचलो. मॉरोविंडमध्ये पहिल्या कामाला जाताना तुम्ही जग शिकता. इथे पहिल्या कामाला जाताना लोडिंग स्क्रीन बघता. मला हा ऑब्लिव्हियनचा सगळ्यात वाईट निर्णय वाटतो, बाणापेक्षाही. कारण इथे दिनक्रमाची सबबसुद्धा नाही. मठ काही माहेरी जात नाही.

त्याच्या जोडीला शत्रूंचं लेव्हलिंग. तुम्ही वाढाल तसं सगळं जग तुमच्याबरोबर वाढतं. मॉरोविंडमध्ये काही जागा अशा, की कमी ताकदीचे असाल तर जाऊच नका, आणि ते कळतं कोणाकडून तरी ऐकून. ऑब्लिव्हियनमध्ये "तिकडे जाऊ नकोस रे बाबा" असं सांगण्यासारखी जागाच फारशी उरत नाही. उलट पुढे पुढे रस्त्यावरचा दरोडेखोर लाखमोलाचं काचेचं चिलखत घालून तुमच्याकडे शंभर सोन्याची नाणी मागतो. अरे, ते चिलखत वीक ना! रीमास्टर्डमध्ये आपल्या पात्राची लेव्हल वाढवण्याची किचकट पद्धत सुधारलीय, पळता येतं, दिसतोही सुंदर. बाण आणि झटपट प्रवास तसेच.

पण आता मला ऑब्लिव्हियनच्या बाजूने बोलायचंय, आणि मनापासून. हललेल्या माणसांचं त्याने काय केलं ते बघा.

स्किनग्राड शहरात ग्लार्थिर नावाचा एक माणूस आहे. तो तुम्हाला रस्त्यात गाठतो आणि मध्यरात्री देवळामागे भेट म्हणतो. गेलात की सांगतो, गावातले लोक माझ्यावर पाळत ठेवतायत. तीन नावं देतो, एकेकावर नजर ठेव म्हणतो. मग तुम्ही एका बाईच्या मागे पहाटेपासून फिरता. ती द्राक्षाच्या मळ्यात जाते, काम करते, घरी येते. ती खरंच पाळत ठेवतेय का? की ग्लार्थिरचं डोकं फिरलंय? तुम्ही त्याला काय सांगता त्यावर माणसं जगतात किंवा मरतात. त्याला खोटंही सांगता येतं. पहारेकऱ्याला जाऊनही सांगता येतं. हे मिशन मॉरोविंडमध्ये अशक्य आहे, तिथे पाळत कोणावर ठेवणार, खांबावर?

त्याच शहरात, डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या संघटनेत गेलात तर, एका बंगल्यात पाच पाहुणे कोंडलेले आहेत. त्यांना वाटतंय घरात खजिना लपवलाय. सहावे पाहुणे तुम्ही, आणि तुमचं काम एकेकाला संपवायचं, कोणाला संशय न येता. ते एकमेकांशी बोलतात, झोपायला वेगवेगळ्या खोल्यांत जातात, एक मेला की उरलेले एकमेकांकडे संशयाने बघतात. तुम्ही आगीत तेल ओतायचं. भयानक आहे, आणि मी आजही कोणाला ऑब्लिव्हियन दाखवायचा असेल तर हेच दाखवतो. तिसरं, चेडिनहालमध्ये एक चित्रकार गायब होतो आणि तुम्ही त्याच्याच चित्रात शिरता, झाडं, आकाश सगळं रंगाच्या फटकाऱ्यांचं.

या तिन्हींत एक साम्य दिसतंय का? तिन्ही ठिकाणी बाण जवळजवळ निरुपयोगी आहे. बंद बंगल्यात बाण काय दाखवणार, समोरच्या सोफ्यावर बसलेली म्हातारी? चित्रातलं जग एवढंसं. आणि ग्लार्थिरच्या बाबतीत बाण माणूस दाखवतो, पण तो दोषी आहे का हे दाखवत नाही. ऑब्लिव्हियन सगळ्यात भारी तिथे होतो जिथे प्रश्न "कुठे" असा नसतोच. आणि सगळ्यात कंटाळवाणा कुठे? ऑब्लिव्हियनच्या दारांमागच्या त्या लालभडक मनोऱ्यांत. एक बंद करा, दुसरं बंद करा, तेच जिने, तोच गोळा. तिथे फक्त बाणामागे पळायचं असतं.

आता व्यवहाराचं बोलू. मला एका श्रोत्याने लिहिलंय की तो रोज लोकलने दोन तास प्रवास करतो, रात्री जेवून चाळीस मिनिटं मिळतात, त्यात आई म्हणते झोप आता. त्याला मी मॉरोविंड घे म्हणून डोळे झाकून सांगणार नाही. मॉरोविंडची डायरी म्हणजे एक लांबच लांब रोजनिशी. विषयवार लावायची सोय नंतर, ट्रिब्युनल या विस्ताराबरोबर आली. तीही सवयीने वापरावी लागते. दोन आठवडे खंड पडला की आपण कुठे, कशाला चाललो होतो, पूल कुठला, काही आठवत नाही. ज्याच्याकडे चाळीस मिनिटं आहेत त्याच्यासाठी बाण हा अपमान नाही, मदत आहे. हे त्या व्हिडिओखाली भांडणाऱ्यांना समजत नाही, कारण त्यांनी तो गेम शाळेच्या सुट्टीत खेळलाय.

दुसरी बाजू मशीनची. रीमास्टर्डला चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि शंभर जीबीच्या वर जागा लागते. मॉरोविंडला मुळात साधारण 1 जीबी लागायची. घरातल्या जुन्या ऑफिस लॅपटॉपवर तो चालतो. ओपनएमडब्ल्यू नावाचं मोफत इंजिन आहे, त्यावर तर अँड्रॉइड फोनवरही चालतो, फक्त मूळ गेमच्या फाइली तुम्ही विकत घेतलेल्या हव्यात. सेलमध्ये तो अगदी स्वस्त मिळतो. फोनवर बटणांची कसरत होते, पण वाचायचंच जास्त असल्यामुळे जमतं.

तर माझं उत्तर. जो रीमास्टर्ड खेळतोय त्याने तो अर्धवट सोडू नये. मुख्य कथा बाजूला ठेवून स्किनग्राडला जा, आणि एखादं शहर निवडून तिथे झटपट प्रवास न करता चालत जा, वाटेत काय सापडतं ते बघा. मॉरोविंड पुढच्या मोठ्या सुट्टीत घ्या, दिवाळीत वगैरे. सुरुवातीला ज्या हत्याराची कला मुख्य म्हणून निवडाल तेच हत्यार हातात घ्या आणि धापा टाकत लढू नका, नाहीतर समोरच्या उंदरावर दहा वेळा तलवार बसलेली दिसेल आणि गेम म्हणेल नेम चुकला. तिथे मारामारीत आतून फासे पडतात, दम संपला की फासे उलटे पडतात. शेजारी एक वही ठेवा. फोनवर गाइड उघडू नका, निदान बालमोरापर्यंत तरी नको.

आणि बालमोराला पोचून कायसला पुडकं दिलंत की तो तुम्हाला खालून वर बघतो, 200 सोन्याची नाणी हातावर ठेवतो आणि म्हणतो, तू अजून कच्चा आहेस, जा, कुठल्यातरी गिल्डमध्ये काम कर, चार लोकांत मिसळ, मग ये. बहुतेक गेममध्ये असं काही म्हटलं की आपण पाच मिनिटांत परत येऊन उभे राहतो. इथे खरंच जा. महिनाभर परत येऊ नका त्याच्याकडे. तो कुठे जात नाही, तिथेच उभा असेल.

चला, भेटू पुढच्या भागात.